पोम्पानो बीच, फ्लोरिडा: बुडालेल्या जहाजावर लायनफिश आणि रीफवर लॉबस्टर

ऑगस्टच्या शेवटी फ्लोरिडात पोम्पानो बीचला डायव्हिंग करून आलो, तिकडे जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. जुलैच्या शेवटी लॉबस्टर पकडायची दोन दिवसांची मिनी सीझन असते ती मुद्दाम टाळली, तेव्हा पाण्यात लॉबस्टरपेक्षा माणसंच जास्त असतात म्हणे. रेग्युलर सीझन 6 ऑगस्ट ते 31 मार्च असतो, मग एवढी घाई कशाला.

खोल डायव्ह आधी, उथळ नंतर, त्यामुळे सकाळी पहिलं लेडी लक. सव्वातीनशे फुटी जहाज, 2016 मध्ये मुद्दाम बुडवलेलं. त्याआधी ते न्यूयॉर्कचा सांडपाण्याचा गाळ वाहायचं आणि आता डेकवर कसिनोचा देखावा, पत्त्यांच्या टेबलाशी शार्कचा पुतळा वगैरे. (फोटो काढणाऱ्यांची तिथे रांग, आम्ही पटकन पुढे सरकलो.) इथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे गॅस. बऱ्याच जणांच्या टँकमध्ये 32 टक्के नायट्रॉक्स (म्हणजे 32 टक्के ऑक्सिजनची हवा) होता, त्यावर वरचे डेक आरामात होतात पण वाळू आहे 120 फुटांच्या आसपास आणि 32 ची मर्यादा 111 फूट (त्याखाली इतका ऑक्सिजन घातक ठरू शकतो), लायनफिश दिसला की माणूस त्याच्या मागे खाली खाली जातो आणि डाइव्ह कॉम्प्युटर बोंबलायला लागतो. खालपर्यंत जायचंच असेल तर 28 घ्या. जहाजाच्या आत शिरायचं ट्रेनिंग नसेल तर बाहेरूनच बघा, मासे बाहेरही पुष्कळ असतात.

लायनफिशचं म्हणाल तर मारा, बिनधास्त मारा. मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला मासा, इथे 1985 मध्ये जवळच्याच डानिया बीचला पहिल्यांदा दिसला आणि आता स्थानिक छोटे मासे फस्त करत सुटलाय. त्याला सीझन नाही, साइझ नाही, लिमिट नाही, पोल स्पिअर (हाताने मारायचा रबरवाला भाला) वापरत असाल तर लायसन्ससुद्धा लागत नाही. पळत नाही, समोर तरंगत राहतो, म्हणून नवशिक्यालाही जमतो. विष फक्त काट्यांत, मांसात नाही, पण मेलेल्या माशाचा काटाही टोचतो तेव्हा जाळीची पिशवी चालणार नाही, कडक प्लॅस्टिकचा डबाच न्या. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा, बोटीवर गरम पाणी आहे का ते निघण्याआधीच विचारा.

दुसरी डायव्ह रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, 50-60 फूट, पाणी कोमट आणि करंट उत्तरेकडे. इथे सगळं ड्रिफ्ट डायव्हिंग असतं, म्हणजे आपण वाहत जायचं आणि बोट आपल्या फ्लॅगच्या (दोरीने आपल्यासोबत पाण्यावर तरंगणारा डायव्हरचा झेंडा) मागे येते. उघड्या समुद्रात फ्लॅगपासून 300 फुटांच्या आतच राहायचं, हा कायदा आहे आणि जीवही त्यावरच अवलंबून आहे कारण वरून स्पीडबोटी सुसाट जात असतात. फ्लॅगची दोरी धरणारा आणि लॉबस्टर पकडणारा वेगळे ठेवा. एकाच माणसाने दोन्ही केलं की कपारीत डोकं घातल्याघातल्या फ्लॅग त्याला ओढून नेतो.

इथला लॉबस्टर शेवंडीच्याच जातीचा, नांग्या नाहीत पण मिशा काटेरी, हातमोजे हवेतच. दिवसा कपारीत बसलेला असतो आणि आधी मिशाच दिसतात. मिशी धरून ओढलीत तर मिशी हातात येते आणि साहेब आणखी आत. टिकल स्टिक (लांब बारीक काठी) त्याच्या मागे घालून शेपटीला हलकेच टोचत राहायचं, तो वैतागून पावलं टाकत बाहेर येतो. पूर्ण बाहेर आला की जाळं त्याच्या मागे वाळूवर टेकवायचं आणि काठी पुढून दाखवायची. तो शेपूट मारतो आणि उलटा सुटतो, थेट जाळ्यात. सगळा खेळ त्या उलट्या उडीचा आहे, समोरून झडप घालणारे हवा संपवतात नि रिकाम्या हाताने वर येतात. आणि हात घालण्याआधी टॉर्च मारा, शेजारच्या बिळात हिरवी मोरे ईल असायची शक्यता चांगलीच असते.

मापायचं पाण्यातच, गेज (मापायची पट्टी) जवळ असणं सक्तीचं. शिंगांच्या मधून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत 3 इंचांपेक्षा जास्त हवं, बरोब्बर 3 असेल तरी सोडायचा. उलटा करून पोट बघा, शेपटीखाली केशरी किंवा तपकिरी अंडी दिसली की सोडा. स्पिअर लॉबस्टरला अजिबात चालत नाही. रेग्युलर सीझनला माणशी दिवसाला 6, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत शेपूट तोडायची नाही, अख्खाच आणायचा. सॉल्टवॉटर लायसन्स आणि वर लॉबस्टर परमिट दोन्ही लागतात, ऑनलाइन निघतात, आदल्या रात्रीच काढून ठेवा.

आमच्यातल्या एकाला हॉगफिश नावाचा खायचा मासा मिळाला. अटलांटिकच्या बाजूला तो मे ते ऑक्टोबरच, माणशी एक, कमीत कमी 16 इंच आणि तेही शेपटीच्या खाचेपर्यंत मोजून. ही नियमावली फक्त इथली हं, दक्षिणेला फ्लोरिडा कीज बेटांमध्ये गेलात तर वरच्या भागात स्पिअरफिशिंगच (भाल्याने मासेमारी) बंद आहे. नियम बदलतातही, तेव्हा निघण्याआधी राज्याच्या वाइल्डलाइफ कमिशनची साइट बघा.

मासा मारला की तो कंबरेला लटकवून फिरू नका, रक्ताच्या वासाने शार्क येतात, बहुतेक नुसते बघून जातात पण मासा त्यांना हवाच असेल तर देऊन टाका. टँकमधला दाब 1000 पीएसआयला आला की वर निघायला लागा, 15 फुटांवर 3 मिनिटं थांबा, समोर कितीही मोठ्या मिशा दिसोत. आणि परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तासांनी घ्या, आम्ही शेवटची सकाळ म्हणूनच गिअर धुवायला ठेवली होती.