मेंदूतली नस फुटल्यानंतरचे २१ दिवस : न्यूरो आयसीयूतला माझा अनुभव

मेंदूतल्या धमनीवर आलेला फुगा फुटला की पहिली धडपड तो बंद करण्याची असते. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त, म्हणून शक्यतो तेवढ्यातच कॉइलिंग (धमनीतून आत जाऊन फुगा बारीक तारेने भरणं) किंवा क्लिपिंग (कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणं) उरकतात. तोवर वरचं बीपी साधारण १६०च्या आत ठेवतो, पण धाडकन खाली पाडत नाही. मेंदूला रक्त त्याच दाबावर पोचत असतं. शौचाला जोर लागू नये म्हणून लॅक्टुलोज हे पोट साफ ठेवणारं औषध सुरुवातीपासूनच देतो.

ऑपरेशन झालं की नातेवाईकांना वाटतं, सुटलो. मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे, आणि मी त्यांना तिथेच सांगते की आता खरी राखण सुरू होते. मेंदूभोवती सांडलेलं रक्त विघटित होत जातं तशा धमन्या आकसू लागतात. चौथ्या ते चौदाव्या दिवसात हे होतं, सातव्या ते दहाव्यात सर्वांत जास्त. हसतबोलत जेवणाऱ्या पेशंटची एक बाजू याच काळात लुळी पडू शकते.

त्यावरचं ठरलेलं औषध म्हणजे निमोडिपिन. ६० मिलिग्रॅम, दर ४ तासांनी, सलग २१ दिवस. आपल्याकडे सहसा ३०ची गोळी मिळते, म्हणजे एका वेळी दोन आणि दिवसाला बारा. १९८९ साली ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या औषधाने मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२वर आलं होतं. म्हणून ‘आत्ताच डोळा लागलाय’ या कारणावर रात्री दोनचा डोस मी सोडू देत नाही. गोळीने बीपी उतरलं तर डॉक्टरांना विचारून ३० मिलिग्रॅम दर २ तासांनी देतो; परस्पर बंद करायची नाही. गिळता येत नसेल तर गोळी बारीक कुटून, पाण्यात कालवून राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायची आणि मागून पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर निम्मं औषध नळीतच चिकटून राहतं. हे मिश्रण फक्त तोंडाच्या औषधाच्या सिरिंजमध्ये भरायचं. चुकून शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो. फिट्सचं औषध लागलं तर फेनिटॉइन टाळतात, कारण त्याने निमोडिपिनचा असर फार कमी होतो.

दर तासाला तपासणी. नाव, जागा, दिवस विचारायचा, डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या. मग डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून पुढे धरायला सांगायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. एखादा तळवा आत वळून हात हळूच खाली येऊ लागला, की लगेच डॉक्टरांना फोन. ‘आज जरा गप्प आहे’ हे घरच्यांचं वाक्यही मी चार्टवर लिहिते. त्यांना फरक आमच्याआधी कळतो. मग सोडियम, ताप, साखर, फिट आणि सीटी, सगळं तपासावं लागतं. डॉपलरवर (डोक्याच्या सोनोग्राफीत) मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटीमीटरच्या वर गेला तर सावध व्हायचं, २००च्या वर गेला तर आकसणं जोरात आहे असं धरायचं. लक्षणं दिसली आणि फुगा बंद झालेला असला, तर डॉक्टर बीपी मुद्दाम वाढवतात. आधी जपलेलं बीपी आता का चढवताय, असा प्रश्न इथे हमखास येतो. फुगा बंद झालाय, आणि आकसलेल्या धमनीतून रक्त पुढे जायला जास्त दाब लागतो, म्हणून.

सोडियम घसरलं की पाणी कमी करायची सवय अनेकांना असते. या आजारात ते घातक. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर टाकत असतात. त्यात पाणी तोडलं तर रक्त घट्ट होतं आणि आकसलेल्या धमनीतून जेमतेम जाणारा प्रवाहही कमी होतो. म्हणून दर तासाची लघवी मोजून तेवढं सलाईन भरून काढतो. गरजेप्रमाणे ३ टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं सलाईन किंवा शरीरात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. गरजेपेक्षा जास्त पाणी चढवण्याची जुनी पद्धतही आता सोडली आहे, त्याने फुप्फुसात पाणी साचतं.

डोक्यातलं पाणी तुंबलं तर बाहेर काढायला नळी बसवतात. तिच्या मोजपट्टीवरचा शून्य कानाच्या भोकासमोरच्या कुर्चेच्या पातळीत हवा. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली आणि पातळी बदलली नाही, तर पाणी भसाभसा निघून जातं. म्हणून कूस बदलताना, बेड हलवताना आधी नळी बंद. आणि नंतर आठवणीने उघडायची, हे दुसरं जास्त राहून जातं.

घरी जाताना २१ दिवस पुरे झाले नसतील तर उरलेल्या गोळ्या मोजून इथूनच घ्या. गावच्या मेडिकलमध्ये निमोडिपिन असेलच असं नाही. वेळांचे गजर मोबाईलवर लावूनच आम्ही डिस्चार्जचा कागद हातात देतो.