शून्य मिनिटांचा आलेख

बैठी जीवनशैली असलेल्या प्रौढांना व्यायामाकडे वळवणाऱ्या एका ऑनलाइन कार्यक्रमात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. सहभागी आपले आठवड्याचे ध्येय स्वतः ठरवतात, त्यांच्या पावलांची नोंद मोबाइल ठेवतो आणि दर सोमवारी आलेख पाहून मी प्रत्येकाला चार ओळी लिहिते. एका सोमवारी सलग तिसऱ्या आठवड्यात शून्य मिनिटे दाखवणारा आलेख समोर आला. तो दिवसभर संगणकासमोर काम करणाऱ्या ५४ वर्षांच्या एका बाईंचा होता आणि ध्येय अपूर्ण राहिल्याचा संदेश त्यांना तिसऱ्यांदा आपोआप गेलेला होता. प्रोत्साहनाचा ठरावीक मजकूर पाठवण्याऐवजी मी फोन केला.

"मॅडम, मी रोज चालते हो," एवढे बोलून त्या क्षणभर थांबल्या. कामातून उठून चार मिनिटे झपाझप चालायचे, असे त्या दिवसातून सहा वेळा, आठवड्यातले पाच दिवस करत होत्या. म्हणजे १२० मिनिटे. चालताना बोलता येते का, असे मी विचारले. "बोलता येतं, पण गाणं म्हणायला दम पुरणार नाही." मध्यम तीव्रतेचा व्यायाम ओळखण्याची हीच साधी खूण आम्ही सर्वांना सांगतो.

मी त्यांची मिनिटागणिक नोंद उघडली, तेव्हा त्यांचे प्रत्येक चालणे तिथे होते, मिनिटाला शंभराहून अधिक पावलांच्या वेगाने. चूक आमच्या गणनेत होती. सलग दहा मिनिटांहून कमी चालणे आमचा कार्यक्रम बेरजेत धरतच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत दहा मिनिटांची ती अट होती. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती काढून टाकली गेली आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामात लहान लहान तुकडेही धरले जाऊ लागले. हे बदल मला पाठ होते, इतरांना मी ते शिकवलेही होते. पण आमची गणना कोणत्या नियमावर चालते, हे मी कधी तपासले नव्हते. वर्षानुवर्षे हालचाल नसलेल्या माणसाला सुरुवातीला चार मिनिटेच झेपतात, आणि नेमकी तीच आम्ही पुसत होतो, याचे मला फार वाईट वाटले.

मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी एकच विचारले, "म्हणजे माझं चालणं खरंच व्यायामात धरलं जातं ना?"

त्याच आठवड्यात अट काढली गेली आणि जुन्या नोंदी नव्याने मोजल्या गेल्या. शून्य दाखवणारे आणखी काही आलेख भरले. त्यांतल्या ज्यांनी तोपर्यंत कार्यक्रम सोडला होता, त्यांना मी एकेक करून फोन केले. काहींनी उचललेच नाहीत.