तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट हाताने का नोंदवायची?

जळगावच्या आमच्या ऑफिसात नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हेच विचारतो. "ताई, टेस्टची फाइल फोल्डरमध्ये पडलेलीच आहे. मग सीमेकमध्ये ॲड_टेस्टची ओळ परत हाताने कशाला? तो घेईल ना शोधून." (सीमेक म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम कसा बांधायचा ते ठरवणारं साधन; ॲड_टेस्ट ही त्यातली टेस्ट नोंदवायची आज्ञा.) मी "आपल्याकडे असंच करतात" म्हणून विषय संपवते. हे काही उत्तर झालं नाही, मलाही कळतं.

ग्लॉब, म्हणजे फोल्डरमधल्या फाइल्स आपोआप गोळा करणारी सीमेकची सोय, मला माहीत नाही असं समजू नका. ठिबकच्या कंट्रोलरच्या कोडमध्ये तो मीच घातला होता. फोल्डरमधली प्रत्येक टेस्ट-फाइल गोळा करायची, लूपमध्ये तिचा प्रोग्रॅम बांधायचा आणि सीटेस्टकडे, म्हणजे सगळ्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाकडे, नोंदवायचा. एकेक ओळ लिहिणं मला तेव्हा कारकुनी वाटायचं आणि तसं मी बोलूनही दाखवायचे.

मग 2019 चा मे महिना आला. रावेरकडच्या एका शेतकऱ्याला, आम्ही त्यांना नाना म्हणतो, रात्रीची वीज मिळायची. त्यांनी व्हॉल्व्ह रात्री साडेअकराला उघडायला आणि एक दहाला बंद व्हायला लावला. मध्यरात्र ओलांडणारं वेळापत्रक आम्ही पहिल्यांदाच देत होतो, म्हणून मी त्याची वेगळी टेस्ट लिहिली. बिल्ड केलं, सीटेस्ट चालवलं. शंभर टक्के पास, 41 पैकी 41. मी कोड पाठवून दिला.

आकडा 42 हवा होता.

नवी फाइल आली म्हणून सीमेक आपणहून पुन्हा फोल्डर बघत नाही. ग्लॉबची यादी कॉन्फिगर करताना, म्हणजे बिल्डच्या आधीच्या तयारीत, एकदा बनते, आणि सीमेकलिस्ट्सची (सीमेकच्या सूचनांची) फाइल बदलली नाही तर बिल्डला काही नवीन आलंय हे कळतच नाही. वेळ वाचावा म्हणून बिल्डचा जुना फोल्डर आम्ही ठेवून द्यायचो. माझी टेस्ट कंपाइलसुद्धा झाली नव्हती. झाली असती तर तिथेच नापास झाली असती: बंद व्हायची वेळ 70 वं मिनिट, उघडायची 1410 वं. वजाबाकी उणे आली, पण ती ठेवली होती सोळा बिटांच्या अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा न मावणाऱ्या, खान्यात. तिथे तिची 64196 मिनिटं झाली. म्हणजे साडेचव्वेचाळीस दिवस व्हॉल्व्ह उघडा.

सकाळी नानांचा फोन आला तेव्हा वरच्या प्लॉटमध्ये घोट्याएवढा चिखल होता आणि बोअर आटली होती. खालच्या केळीला पाणीच मिळालं नाही. मेमधली आपल्याकडची दुपार तुम्हाला सांगायला नको. मी पोहोचले तेव्हा खालच्या बागेतली पानं दुमडून लोंबत होती. नाना बांधावर बसले होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, तुम्ही तर म्हणे तपासून देता."

मी तपासलं होतं, असं मला म्हणता आलं नाही. तपासलं नव्हतं, असंही नाही. त्या संध्याकाळी मी ग्लॉब काढून टाकला.

आता तुमचा पुढचा प्रश्न, तोही मला पाठ आहे: "ताई, हाताने लिहायची ओळ माणूस विसरणार नाही का?" विसरतो. मीही विसरले आहे, दोनदा. वरच्या फोल्डरच्या सीमेकलिस्ट्समध्ये इनेबल_टेस्टिंग, ही टेस्ट चालू करणारी ओळ, लिहायची राहिली, तर सगळ्या ॲड_टेस्ट असूनही बिल्ड फोल्डरमधून सीटेस्ट एकही टेस्ट सापडली नाही म्हणतो, आणि तरी एरर देत नाही. त्यासाठी सीटेस्टला नो-टेस्ट्स=एरर हा पर्याय सांगावा लागतो. ग्लॉबला दर बिल्डला फोल्डर पुन्हा बघायला लावणारं कॉन्फिगर_डिपेंड्स आहे, पण सीमेकवालेच म्हणतात की सगळ्या जनरेटरवर (सीमेक ज्यांच्यासाठी बिल्डच्या फाइल्स बनवतो त्या वेगवेगळ्या बिल्ड-साधनांवर) त्याचा भरवसा धरू नका. गूगलटेस्ट वापरणाऱ्यांसाठीचं जीटेस्ट_डिस्कव्हर_टेस्ट्स प्रोग्रॅमच्या आतल्या टेस्ट शोधतं, पण तो प्रोग्रॅम तरी आपणच सांगावा लागतो.

मग हाताचीच पद्धत का? रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसरा कोणी कोड वाचून बघतो तेव्हा, नवी टेस्ट आणि तिची ओळ शेजारी शेजारी दिसतात म्हणून, असं मी स्वतःला सांगते. पण नसलेली ओळ दिसत नाही, हेही खरं. म्हणून आता मी नवी टेस्ट आधी मुद्दाम मोडते, सीटेस्टमध्ये ती नापास झालेली डोळ्यांनी बघते, मग दुरुस्त करते, आणि एकूण आकडा वहीत लिहून ठेवते. एवढं केल्यावर ग्लॉब परत आणायला हरकत काय, असं परवा एकाने विचारलं. तो बरोबर असेल.

नानांकडे तोच कंट्रोलर अजून आहे. रात्रीची पाळी लावली की ते स्वतः उठून एक दहाला व्हॉल्व्ह बघून येतात.