पाचशे फिल्सचं नाणं

पावसाळ्याआधी पत्र्याची जुनी पेटी अंगणात उन्हाला ठेवली, तर तळाशी पाचशे फिल्सचं नाणं सापडलं. बहरैनचं. त्यावर एक स्तंभ: सहा शिडं आणि टोकावर तोललेला मोती. भाच्यानं विचारलं, "मामू, हे अजून चालतं?" नाही चालत. २०११च्या मार्चमध्ये सरकारनं राजधानी मनामाच्या चौकातला हा स्तंभच पाडला, मग नाणंही काढून घेतलं.

तेव्हा मी तिथं एसी दुरुस्तीचं काम करायचो. खोलीत आम्ही सहाजण, सगळे हर्णै-दापोलीकडचे सुन्नी. फेब्रुवारीत चौकात माणसं जमली तेव्हा घोषणा होती: सुन्नी नाही, शिया नाही, आम्ही बहरैनी. जमलेल्यांत बहुतेक शिया होते हे खरं. त्यांची वस्तीच जास्त, राज्य मात्र सुन्नी घराण्याचं. पण मागणं होतं अधिकार असलेल्या संसदेचं, नोकऱ्यांचं.

रात्री टीव्ही लावला की सरकारी वाहिनीवर हीच माणसं इराणची हस्तक झालेली असायची. कैरोच्या तहरीर चौकात तळ ठोकून बसलेली कतारची अल जझीरा वाहिनी अरबीत आमच्या चौकाबद्दल जेमतेम बोलायची. इराणची अल आलम इथल्या लोकांना क्रांतिकारक म्हणायची, आणि सीरियात लोक उठले तेव्हा त्यांना अतिरेकी. १४ मार्चला सौदीला जोडणाऱ्या पुलावरून सौदी फौजा आल्या. नोव्हेंबरात राजानंच नेमलेल्या चौकशी आयोगानं सांगितलं की इराणचा हात पुराव्यांतून दिसत नाही. तोवर आमच्या शिया मुकादमाला काही गिऱ्हाइकं घरात घेईनाशी झाली होती. अकरा वर्षं त्यांचेच एसी दुरुस्त करत होता तो. मला फार लागलं ते.

भाचा म्हणतो, हे चौदाशे वर्षांचं वैर. मला हे पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही. १९८० ते ८८ इराकच्या फौजेत शिया जवान मोठ्या संख्येनं होते, ते शिया इराणशीच लढले. २०१७मध्ये सौदी, अमिरात, बहरैन आणि इजिप्तनं कतारची नाकेबंदी केली, राज्यकर्ते दोन्हीकडचे सुन्नीच. मागण्यांत एक होती, अल जझीरा बंद करा. आणि २०२३मध्ये सौदी नि इराणनं बीजिंगमध्ये हात मिळवले. पंथ तेच, गरज बदलली.

भाच्यानं नाण्याचा फोटो काढला. मी त्याला म्हटलं, शिडं मोज. आखाती परिषदेतल्या सहा देशांची ती सहा. त्यांतलं एक कतारचं.