मतपत्रिका छापायला पैसे नव्हते

परकीय कर्जाची चर्चा आपण बहुधा डॉलर, व्याजदर आणि हप्ते यांतच उरकतो. त्या कर्जाने देशातल्या राजकारणाचे काय होते, हे पाहायचे तर श्रीलंकेकडे पाहावे, असे मला वाटते.

मार्च २०२२ मध्ये तिथल्या पश्चिम प्रांतातल्या शाळांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिकांचा कागद आयात करण्याइतके डॉलर उरले नव्हते. १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. इथवरचे सगळ्यांना आठवते. पण मार्च २०२३ मध्ये व्हायच्या स्थानिक निवडणुकाही पैशांअभावीच अडल्या. तिजोरीत खडखडाट असल्याचे सरकारने सांगितले आणि आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय मतपत्रिका छापता येणार नाहीत, अशी भूमिका सरकारी मुद्रणालयाने घेतली. हा मूलभूत हक्कांचा भंग असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने पुढे दिला खरा, पण मतदान व्हायला मे २०२५ उजाडला.

माझ्याही पगारातून दरमहा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, म्हणून असेल, पण २०२३ मधली देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना, म्हणजे सरकारने देशातच उचललेल्या कर्जाच्या परतफेडीच्या अटी बदलणे, मला सर्वांत जिव्हारी लागते. बँका कोलमडू नयेत म्हणून त्यांच्याकडचे सरकारी कर्जरोखे वगळले गेले आणि भार आला तो कामगारांच्या निर्वाह निधीवर : जुने रोखे परत करून लांब मुदतीचे नवे घ्या, नाहीतर रोख्यांच्या उत्पन्नावर १४ टक्क्यांऐवजी ३० टक्के कर भरा. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईची म्हातारपणाची पुंजी याच निधीत असते. परदेशी रोखे विकून कर्ज उचलताना, किंवा २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणताना तिला कोणी विचारले नव्हते. तोच कर जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्के झाला, तेव्हा मात्र ती वाढ तिच्याकडूनही वसूल होऊ लागली.

या रागातूनच सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. संकटातल्या श्रीलंकेला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींवर फेरवाटाघाटी करू, असे आश्वासन त्यांनी दिले होते. मात्र परदेशी रोखेधारकांशी कर्जाच्या पुनर्रचनेचा तत्त्वतः करार झाल्याचे आधीच्या सरकारने १९ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे मतदानाच्या दोनच दिवस आधी, जाहीर केले होते. नव्या सरकारने तो करार तसाच मान्य केला आणि नाणेनिधीचा कार्यक्रमही पुढे चालू ठेवला.