साडेचारशे शब्द

१४ जानेवारी, रात्री

उद्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांची जन्मशताब्दी. १५ जानेवारी १९२६ला कराडजवळच्या गोळेश्वरात जन्मलेला माणूस उद्या शंभर वर्षांचा झाला असता. या तारखेला त्यांच्यावरचं माझं पुस्तक हातात असणार, असं मी मनाशी धरून चालले होते. पुस्तक नाही. लेख आहे एक, साडेचारशे शब्दांचा, तो आज दुपारी तासाभरात झाला.

तिळाच्या वड्या थापत होते, तेवढ्यात वर्तमानपत्रातल्या नंदूचा फोन. "ताई, उद्याच्या पानाला तुमचंच पाहिजे. साडेचारशे शब्द, पाचपर्यंत." हात पुसून बसले ते उठलेच नाही. कुठे अडलं नाही, काही शोधावं लागलं नाही. लंडन ऑलिंपिक १९४८, सहावा क्रमांक. हेलसिंकीला जायला पैसे नाहीत म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे करतात. मग २३ जुलै १९५२, बँटमवेट गट, कांस्यपदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक. पूर्णविराम. पाठवला आणि पाचच मिनिटांत नंदूचं उत्तर, "अंगावर काटा आला हो."

किती बरं वाटलं! हे असं बरं वाटणं मी विसरूनच गेले होते. आणि आता रात्री तेच खुपतंय. जे सांगायचं ते साडेचारशे शब्दांत बसत असेल, तर त्या कपाटातल्या फायली कशासाठी आहेत? कराडच्या चकरा, ग्रंथालयातल्या जुन्या अंकांच्या धुळीनं आलेला खोकला, बँकेतून सुटल्यावर घरी न जाता कुठल्या तरी म्हाताऱ्या पैलवानाच्या ओट्यावर घालवलेल्या संध्याकाळी, हे सगळं कशासाठी?

आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जाईन तिथे कुणी ना कुणी विचारणार, "पुस्तक कुठवर आलं?" प्रकाशकांनी विचारणं सोडलंय. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

वर्तमानपत्रात खेळावरचं सदर लिहायचे त्या दिवसांत असं नव्हतं. शनिवारी छापून यायचं आणि सोमवारी काउंटरवर पासबुक पुढे करता करता माणसं भांडायची, "मॅडम, तुम्ही त्या फिरकीवाल्यावर अन्याय केलात." भांडायला का होईना, कुणीतरी वाचलेलं असायचं. पुस्तकाचं तसं नाही. पहिलं पुस्तक आलं तेव्हा मी महिनाभर फोनकडे बघत होते. बाबा असते तर... असो.

मुळात या नादाला लागले ते खाशाबांमुळेच. ऑगस्ट १९९६मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसला टेनिसचं कांस्य मिळालं आणि जिकडेतिकडे '४४ वर्षांनंतर' असं छापून आलं. भारताला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक, ४४ वर्षांनंतर. मग ४४ वर्षांपूर्वी कुणाला? कॉलेजात होते मी, कोल्हापुरात राहत होते, आणि मला हे नाव नीट माहीत नव्हतं. खाशाबा याच गावात शिकले, याच गावाच्या मदतीनं दोनदा ऑलिंपिकला गेले. पोलीस खात्यात नोकरी केली आणि १९८४मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो फार पुढे, मरणानंतर कितीतरी वर्षांनी. पद्म पुरस्कार तर नाहीच. त्या संतापात पहिला लेख लिहिला आणि तो छापून आला.

संताप साडेचारशे शब्दांत मावतो. बाकीचं मावत नाही, असं आता एवढं लिहिल्यावर वाटतंय.

उदाहरणार्थ, ती तीस मिनिटं. हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटांच्या वर चालली. खाशाबा हरले आणि दमलेल्या अंगानं लगेच सोव्हिएत मामेदबेयोवसमोर उभे राहिले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य. आजच्या लेखात याला दोन ओळी मिळाल्या आणि त्या वाचून नंदूच्या अंगावर काटा आला. पण मला त्या दोन ओळींत राहायचं नाही. मला त्या हॉलमध्ये उभं राहायचंय. घाम वाळायच्या आत पुकारलेलं नाव, आजूबाजूला परकी भाषा, आणि 'थांबा जरा' म्हणणारं आपलं कुणी नाही. एवढी कर्तबगारी आणि पाठीशी एक माणूस नसावा! हे लिहितानाही गळा दाटतो.

आणि माती. लेखात मातीवर एक शब्द नाही, जागाच नव्हती. पुस्तकात मातीचं अख्खं प्रकरण आहे. मागच्या पावसाळ्यात पहाटे तालमीत गेले होते तेव्हा पोरं हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीची जागा, उकरत होती. खोऱ्यानं लाल माती खालीवर करायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. मी कडेच्या पायरीवर बसलेले. बाईमाणसानं हौद्यात उतरायचं नाही ही रीत. (त्याबद्दल बोलायचंय मला, पण आज नको.) वस्तादांनी मूठभर माती उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "ताक कमी पडलंय." बस्स, एवढंच. पोरगं धावत घागर घेऊन आलं.

अशा मातीत वाढलेला पोरगा १९४८मध्ये लंडनला मॅटवर, म्हणजे गादीवर, उभा राहिला. पायाखाली भुसभुशीत काही नाही. हात घसरतोय म्हणून मूठभर माती घेऊन समोरच्याच्या अंगाला चोळावी, तर माती नाही. शिवाय घड्याळ चालू. गावच्या मैदानात निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंत कुस्ती. त्या परक्या गादीवर तो सहावा आला आणि चार वर्षांनी तिसरा. ही चार वर्षं हेच माझं पुस्तक आहे. ते पदकावरचं पुस्तक आहे असं मीच आजवर सगळ्यांना सांगत आले. ते पदकावरचं नाहीच. अंगात मुरलेलं सोडून नवं अंगात भिनवायला माणसाला काय काय करावं लागतं, ते मला लिहायचंय. महाराष्ट्र केसरी १९६१पासून चालू आहे. तिथे आजही माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा आणि शेवटची कुस्ती गादीवर. म्हणजे हा सवाल अजून मिटलेला नाही.

शताब्दी चुकली तर चुकली. शंभराव्या वर्षी आलं काय आणि एकशे दुसऱ्या वर्षी आलं काय, खाशाबांना फरक पडत नाही. वाचणाऱ्यालाही पडू नये. नंदूनं पुन्हा फोन केला तर पुन्हा लिहीन, आवडीनं लिहीन. तो आनंद काही चोरीचा नाही.

उद्या राज्य क्रीडा दिन, म्हणजे तालमीत हारतुरे, भाषणं. त्याआधी सहाला पोचलं तर वस्ताद एकटे भेटतील. ते स्वतः पहिल्यांदा गादीवर उतरले तेव्हा पायाला काय वाटलं, हे त्यांना अजून विचारलेलं नाही.