खोल्या किती, हे विहिरीला विचारावे

दापोली तालुक्यात समुद्रापासून थोडे आत, उतारावरच्या एका आमराईत छोटे पर्यटक निवास बांधण्याचे काम गेल्या वर्षी आमच्या दादरच्या कार्यालयाकडे आले. मालक मूळचे तिथलेच, आता मुंबईत स्थायिक झालेले; वाडवडिलांच्या जमिनीला ओरबाडे न काढता तिथे काहीतरी उभे राहावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा. आराखड्याचा विचार चालू असतानाच श्रीलंकेला जाण्याचा योग आला आणि तिथे पाहिलेल्या वास्तूंनी या कामाला दिशा दिली. बांधकामाचे सामान कोणते वापरायचे, हा प्रश्न त्या वास्तूंमध्ये बराच उशिरा येतो. त्याआधी येतात ते दोन प्रश्न: जागा नेमकी कोणती, आणि पाणी कुठून येऊन कुठे जाते.

दांबुल्ल्याजवळचे कंदलमा हॉटेल वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी आखले आणि ते १९९४ साली सुरू झाले. त्यासाठी आधी सुचवलेली जागा सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याशी होती. व्यवसायाच्या दृष्टीने तिच्याइतकी मोक्याची जागा मिळणे कठीण. पण त्या खडकावरच्या पाचव्या शतकातल्या राजवाड्याच्या आणि त्याच्या जलउद्यानांच्या पायाशी हॉटेल नको, असे ठरवून बावांनी काही मैलांवरच्या कंदलमा तलावाकाठचा कडा निवडला. आज त्या कड्यावरून सिगिरिया पाण्यापलीकडे, झाडीच्या वर, दूरवर दिसतो आणि दूर असल्यामुळेच तो पूर्ण दिसतो. आपल्याकडे किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि पुळणीला खेटून जी बांधकामे उभी राहिली आहेत ती आठवली, की या एका नकारात किती मोठे शहाणपण होते ते कळते.

आत शिरण्याची रीत मी मुद्दाम सावकाश पाहिली. गाडी थांबते ती जणू गुहेच्या तोंडाशी. पुढे गेल्यावर मूळचा कातळ आपल्या बरोबरीने चालू लागतो. तो फोडलेला नाही, गिलाव्याखाली झाकलेलाही नाही, आणि इमारतच त्याला वळसा घालून पुढे सरकते. मग एका वळणानंतर अचानक तलाव समोर येतो. जवळजवळ एक किलोमीटर लांबीची ही इमारत कड्याला चिकटलेली नाही, दोघांच्या मध्ये फट ठेवलेली आहे. खालची जमीन खांबांवर मोकळी सोडली असल्यामुळे कड्यावरून उतरणारे पावसाचे पाणी अडत नाही, इमारतीखालून वाहत ते तलावाकडे जाते. खोल्यांकडे नेणारे सज्जे कड्याच्या बाजूला उघडे आहेत, तिथून हात बाहेर काढला तर ओल्या दगडाचा गारवा जाणवतो. दर्शनी बाजू वेलींनी इतकी झाकली आहे, की माकडे तिच्यावरून झाडावरून फिरावे तशी फिरतात.

आणि ही सगळी इमारत काँक्रीटची आहे. हे मी आवर्जून सांगतो, कारण पर्यावरणपूरक बांधकाम म्हटले की आपली चर्चा बांबू, माती आणि शेणाने सारवलेली जमीन यांच्यापाशीच घुटमळते. सामानाला महत्त्व आहेच. सिमेंटच्या निर्मितीत किती कार्बन वायू हवेत जातो हे कोणत्याही वास्तुविशारदाला ठाऊक असते, आणि कोकणात तर खाऱ्या हवेने स्लॅबमधले लोखंड गंजून गिलावा फुगून पडतो हे आपण घरोघरी पाहतो. म्हणून दापोलीला मी इतके काँक्रीट वापरणार नाही. पण चुकीच्या जागी, पऱ्याची, म्हणजे पावसाळी ओढ्याची, वाट बुजवून बांधलेल्या बांबूच्या झोपड्यांपेक्षा योग्य जागी उभी असलेली ही काँक्रीटची इमारत जमिनीशी जास्त प्रामाणिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंदलमा हा श्रीलंकेचा कोरडा पट्टा. तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि उरलेले वर्ष शेतकरी तलावांवर काढतो. एकाखाली एक असे मातीच्या बांधांचे तलाव, वरच्या शेताला दिलेले पाणी झिरपून खालच्या तलावात, तिथून पुन्हा शेताला, अशी ही साखळी शतकानुशतके चालत आली आहे. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ नये, ही बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाची आज्ञा तिथे आजही सांगितली जाते. त्यामुळे हॉटेल होणार म्हटल्यावर आसपासचे गावकरी आणि भिक्षू विरोधात उभे राहिले; तलावाचे पाणी घाण होईल ही त्यांची भीती रास्त होती. हॉटेलचे सांडपाणी प्रक्रियेनंतर बागेसाठी वापरण्याची व्यवस्था झाली. गावाने हरकत घेतली तर तिला अडथळा न समजता आराखड्यातली एक अट समजावी, असे मला तिथे फार वाटले.

आता दापोलीकडे येतो. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात सुमारे साडेतीन लाख लिटर पाणी येते. तरीही एप्रिल उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि वाड्यावाड्यांत टँकरची वाट पाहिली जाते, कारण जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने उतरून समुद्राला मिळते. नेमके त्याच दिवसांत, मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की, मुंबईकर कोकणात उतरतो. हॉटेलसाठी प्रमाणित तरतूद दर खाटेमागे दिवसाला १८० लिटरची आहे. वीस खाटांचे निवास एप्रिल-मेचे ६० दिवस भरलेले ठेवायचे तर २ लाख १६ हजार लिटर पाणी लागेल, आणि ते साठवायला १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर खोल टाकी लागेल. बारा खाटा ठेवल्या तर हीच गरज १ लाख ३० हजार लिटरच्या आत येते. हा हिशेब मी मालकांसमोर कागदावर मांडला. खाटांची संख्या बँकेच्या कर्जावरून न ठरवता विहिरीची मे महिन्यातली पातळी आणि टाकीचे आकारमान यांवरून ठरवावी, हा माझा आग्रह आहे आणि त्यावर मी ठाम आहे. विहीर गावकऱ्यांच्या विहिरींशी जमिनीखालून जोडलेली असते. आपल्या पाहुण्यांच्या शॉवरसाठी शेजारच्या वाडीचा रहाट कोरडा पडू देण्याचा अधिकार कोणाला असू नये.

छपराच्या बाबतीत तिथून थेट उचलण्याजोगी एक गोष्ट मिळाली. बावांनी अनेक इमारतींत पन्हळीच्या सिमेंट पत्र्यांवर अर्धगोल मातीची कौले बसवली आहेत. पाणी अडवण्याचे काम पत्रा करतो, तर ऊन आणि पावसाचा आवाज कौल पेलते. पन्हळीत कौल आपोआप बसते, त्यामुळे वरून वेगळ्या रिपा माराव्या लागत नाहीत. ही अर्धगोल कौले म्हणजे आपली नळीची कौलेच. कोकणात कौलारू छपरे का गेली, याचे उत्तर कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे: वानरे उड्या मारून कौले फोडतात, दर वर्षी शाकारणीला माणसे मिळत नाहीत, म्हणून लोक नाइलाजाने पत्रे घालतात आणि उन्हाळ्यात त्याखाली भाजून निघतात. पत्र्यावर कौल असेल तर चार कौले फुटली तरी घरात गळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात नुसते पत्रे कसे उडाले ते दापोली-मंडणगडच्या लोकांनी पाहिले आहे. म्हणून पत्रे वाशांना नुसत्या खिळ्यांवर न ठेवता हुकबोल्टने पक्के आवळायचे आणि कडेची कौले चुन्याच्या मसाल्यात बसवायची, असे मी ठरवले आहे. बावांच्या काळातले सिमेंट पत्रे अॅस्बेस्टॉसचे असत. ते फुप्फुसांना घातक आहेत, आता अॅस्बेस्टॉसविरहित पत्रे मिळतात, तेच घ्यावेत.

कँडीला मिनेट डी सिल्वा यांच्या कामाचीही आठवण झाली. स्वातंत्र्योत्तर श्रीलंकेत आधुनिक वास्तूला स्थानिक कारागिरीची जोड देणाऱ्या त्या पहिल्या वास्तुविशारदांपैकी एक, आणि त्यांच्या शिक्षणाचा काही काळ आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, याचा मला अभिमान वाटतो. कँडीच्या उतारावरची त्यांची घरे डोंगर सपाट न करता पायरीपायरीने खाली उतरतात. आमच्या आमराईतही जेसीबी लावून सपाटी करायची नाही, असे ठरले आहे. खोल्या तीन पातळ्यांवर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या जोत्यांवर असतील. एकही कलम तोडायचे नाही, आणि मधून वाहणारा पऱ्या आहे तिथेच राहील. प्रत्येक खोलीला खोल पडवी मिळेल, म्हणजे पावसाळ्यातही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येतील आणि वातानुकूलनाची गरज बरीच कमी होईल. सांडपाणी सेप्टिक टाकीतून कर्दळीच्या वाफ्यात आणि तिथून पोफळींना जाईल. कोकणातला भरीव माणगा बांबू मी फक्त पडवीच्या आडोशांना वापरणार आहे, तोही बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया करून, नाहीतर वाळवी आणि भुंगे त्याला टिकू देत नाहीत.

येत्या मे महिन्यात दर आठवड्याला विहिरीची पातळी मोजून ठेवायचे काम मालकांच्या चुलतभावांनी स्वतःकडे घेतले आहे. त्या नोंदी हाती आल्याशिवाय खोल्यांचे अंतिम नकाशे काढायचे नाहीत, हे मालकांनीही मान्य केले. सध्या अडचण कौलांची आहे. मंगलोरी कौले कुठेही मिळतात, पण चाकावर घडवलेली नळीची कौले करणारे कुंभार आता फार थोडे उरले आहेत. रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गात अशी कौले अजून भाजणारे कोणी आपल्या माहितीत असेल, तर मला जरूर कळवावे. मी स्वतः जाऊन त्यांना भेटेन, आणि काम त्यांच्याच हातून करून घेईन.